डाव्या बरगडीखाली: पानथरीच्या एका दुर्मिळ कर्करोगाचा इतिहास



या मालिकेत आपण आजवर लढायांवर बोललो, किल्ल्यांवर बोललो, पलटणींच्या जुन्या कागदपत्रांवर बोललो. आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, कर्नलसाहेब वाट चुकले. पण तुमच्यापैकी अनेकांनी मला एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला आहे. २०२१च्या उन्हाळ्यानंतर काही महिने भाग आले नाहीत, ते का? तेव्हा मी "तब्येत जरा नरम होती" असं सांगून वेळ मारून नेली. आज खरं उत्तर देतो. आणि ते माझ्या नेहमीच्या पद्धतीनं, म्हणजे इतिहासातून देतो. कारण माझ्या आजाराचा इतिहास वाचला तेव्हाच मला माझा आजार समजला.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. मी डॉक्टर नाही. बी.एस्सी. झालेला, तीस-बत्तीस वर्षं गणवेशात काढलेला आणि आता सिकंदराबादला स्थायिक झालेला माणूस आहे. मी जे सांगणार ते माहितीसाठी. उपचार तुमच्या डॉक्टरांनाच विचारून घ्या.

सैन्यात भरती झालेल्या प्रत्येकाला ती वैद्यकीय तपासणी आठवत असेल. उताणं झोपवतात, गुडघे वर घ्यायला सांगतात. डॉक्टर डाव्या बरगडीखाली बोटं सरकवतात आणि म्हणतात, "लांब श्वास घ्या." बोटांना काही लागलं नाही की पुढचा गडी. अठराव्या वर्षी मला वाटलं होतं, हे पोट बघत आहेत. ते बघत होते पानथरी, म्हणजेच प्लीहा. मुठीएवढा अवयव, वजन साधारण दीडशे ग्रॅम, नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड लपलेला. निरोगी माणसाची पानथरी सहसा बोटांना लागत नाही. लागली तर ती वाढलेली आहे असं समजायचं.

२०१७ साली, निवृत्तीनंतर काही वर्षांनी, माझं जेवण कमी झालं. अर्धी भाकरी खाल्ली की पोट भरायचं. डाव्या कुशीवर झोपलं की काहीतरी जड ओढल्यासारखं वाटायचं. मी एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पोट चाचपलं, पानथरी लागली आणि त्यांनी विचारलं, "कधी मलेरिया झाला होता का?" झाला होता. तेजपूरला असताना, तोही दोनदा. "मग ही जुनी मलेरियाची पानथरी," असं म्हणून त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. त्यांना मी दोष देत नाही, का ते पुढे सांगतो. पण त्या एका वाक्यात माझे आठ महिने गेले.

हे वाक्य आलं कुठून? ते शोधायला आपल्याला पावणेदोनशे वर्षं मागे जावं लागेल.

पानथरीवरून देश मोजणारे लोक

आपल्याकडे पानथरी वाढण्याची ओळख फार जुनी. चरकसंहितेत उदररोगांचे आठ प्रकार सांगितले आहेत, त्यात प्लीहोदर हा एक आहे. म्हणजे डाव्या बाजूनं पोट वाढतं आणि त्यामागे प्लीहा असते, हे आपल्या वैद्यांना पक्कं ठाऊक होतं. खेडोपाडी "पोरगं पानथरीनं खंगलं" असं म्हणायचे, ते याच अनुभवातून.

१८४०च्या दशकात उत्तर हिंदुस्थानात यमुनेच्या कालव्यांच्या काठी ताप वाढला. कालव्यामुळे रोगराई येते का, हे तपासायला कंपनी सरकारनं एक समिती नेमली. तिच्यात डेम्पस्टर नावाचे एक सर्जन होते. त्यांनी साधी युक्ती केली. गावोगाव जाऊन लोकांची पोटं चाचपली आणि किती जणांची पानथरी वाढली आहे ते मोजलं. ज्या गावात असे लोक जास्त, त्या गावात ताप जास्त. मलेरियाचा जंतू अजून कोणी पाहिला नव्हता, डासाचा संबंध कोणाला माहीत नव्हता, पण पानथरीवरून गावाचा ताप मोजता आला. पुढे शंभर वर्षं मलेरियाच्या पाहणीत हीच रीत वापरली गेली.

१८८० साली अल्जीरियातल्या कॉन्स्टंटाइन शहरात अल्फोन्स लाव्हरॉं या फ्रेंच लष्करी डॉक्टरनं एका सैनिकाच्या रक्तात मलेरियाचा जंतू पाहिला. २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांनी तो डासाच्या पोटात पाहिला. आणि हे कुठे घडलं? माझ्या घरापासून थोड्याच अंतरावर, सिकंदराबादला. १९०० साली इंग्लंडमधल्या नेटली इथल्या लष्करी इस्पितळात, कलकत्त्याजवळच्या दमदम छावणीत आजारी पडलेला एक सैनिक दगावला. विल्यम लिशमन या लष्करी डॉक्टरनं त्याच्या पानथरीचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तेव्हा त्यांना अनोळखी सूक्ष्म कण दिसले. १९०३ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. त्याच वर्षी मद्रासला चार्ल्स डोनोव्हन यांनाही तेच दिसलं. तो काळा आजाराचा जंतू. त्यावर कलकत्त्याच्या उपेंद्रनाथ ब्रह्मचारींनी युरिया स्टिबामाइन हे औषध शोधलं आणि असंख्य जीव वाचले.

या इतिहासाला एक काळी बाजूही आहे. १८७५ साली आग्र्याला फुलर नावाच्या इंग्रज वकिलानं आपल्या कटवारू नावाच्या मोतद्दाराला मारलं. तो पडला आणि थोड्या वेळात मेला. तपासणीत पानथरी फुटलेली निघाली. वाढलेली पानथरी थोड्या धक्क्यानंही फुटू शकते, म्हणून मॅजिस्ट्रेटनं फुलरला फक्त तीस रुपये दंड केला. माणसाच्या मरणाची जबाबदारी मारणाऱ्यावरून सरकून मेलेल्याच्या पानथरीवर गेली. १८७६ मध्ये व्हाइसरॉय लिटन यांच्या सरकारनं या निकालावर कडक ताशेरे ओढले. पण फुटलेल्या पानथरीची सबब पुढेही अनेक खटल्यांत ऐकू येत राहिली.

आता लक्षात आलं असेल. आपल्या देशात वाढलेली पानथरी म्हणजे मलेरिया, काळा आजार, विषमज्वर, क्षय, नाहीतर यकृताचा विकार, हे समीकरण अनेक पिढ्यांचं आहे. आणि बहुतेक वेळा ते बरोबरच निघतं. माझ्या पहिल्या डॉक्टरांनी जे केलं ते या अनुभवाला धरूनच होतं. चूक एवढीच झाली की त्यांनी रक्ताचा थेंब काचेवर घेऊन पाहिला नाही.

नाव मिळायला लागलेली दीडशे वर्षं

दुसऱ्या धाग्याची सुरुवात लंडनमध्ये होते. गाय्ज हॉस्पिटलच्या संग्रहालयाची जबाबदारी असलेले थॉमस हॉजकिन नावाचे एक क्वेकर पंथाचे डॉक्टर होते. जानेवारी १८३२ मध्ये त्यांचा एक निबंध तिथल्या वैद्यकीय सभेत वाचला गेला. विषय होता काही मृत रुग्णांच्या लसिका ग्रंथी आणि पानथरी यांत दिसलेले बदल. त्यात सात रुग्ण होते. हॉजकिन यांचं म्हणणं होतं की हा संसर्गाचा परिणाम नाही, ग्रंथींचाच स्वतंत्र आजार आहे. फारसं कोणी लक्ष दिलं नाही. गुलामगिरीविरुद्ध आणि वसाहतींतल्या मूळ रहिवाशांच्या हक्कांसाठी बोलणारे हॉजकिन पुढे त्याच इस्पितळात बढतीलाही मुकले. १८६५ मध्ये सॅम्युएल विल्क्स यांनी या आजाराला त्यांचं नाव दिलं. त्यानंतर वर्षभरातच हॉजकिन वारले.

१८४५ मध्ये बर्लिनला रुडॉल्फ फिरखो आणि एडिंबरोला जॉन ह्यूज बेनेट यांनी, एकमेकांना न सांगता, असे रुग्ण पाहिले ज्यांच्या रक्तात पांढऱ्या पेशी प्रचंड वाढल्या होत्या. दोघांच्याही रुग्णांची पानथरी अवाढव्य होती. तिथून रक्ताच्या कर्करोगाचा अभ्यास सुरू झाला.

पण हॉजकिनचा आजार हा लिम्फोमाचा एकच प्रकार. बाकीचे किती? इथे शंभर वर्षं गोंधळ होता. कारण सगळ्या लिम्फोसाइट पेशी साध्या सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ सारख्याच दिसतात. एकाच गणवेशातले हजार लोक लांबून पाहा. कोण कोणत्या पलटणीचा ते ओळखता येत नाही. जवळ जाऊन खांद्यावरचा बिल्ला वाचावा लागतो.

१९५८ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात पेरू देशातून आलेल्या बर्था बोरोंक्ले या डॉक्टरनं २६ रुग्णांचं वर्णन केलं. वाढलेली पानथरी, कमी झालेलं रक्त आणि केसाळ दिसणाऱ्या पेशी. याला पुढे हेअरी सेल ल्यूकेमिया म्हणू लागले. त्यानंतर अशा केसाळ पेशी दिसल्या की सगळ्यांना त्याच खात्यात टाकलं जाऊ लागलं. पण काही रुग्ण बसत नव्हते. त्यांच्या पेशींचे केस आखूड, आणि तेही पेशीच्या एखाद्या टोकालाच. १९८७ मध्ये लंडनमध्ये ज्युनिया मेलो, डॅनियल कॅटोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे रुग्ण वेगळे काढले. १९९२ मध्ये लंडनमध्येच पीटर आयझॅकसन यांच्या गटानं काढून टाकलेल्या पानथरी तपासून सांगितलं की हा आजार पानथरीतल्या एका ठरावीक पट्ट्याशी जोडलेला आहे.

तो पट्टा समजून घ्या. पानथरीत दोन प्रकारचा गर असतो. तांबड्या गरात म्हाताऱ्या रक्तपेशी गाळल्या जातात. पांढऱ्या गरात रोगाशी लढणाऱ्या पेशींची ठाणी असतात. प्रत्येक ठाण्याभोवती एक कडेचा पट्टा असतो, त्याला मार्जिनल झोन म्हणतात. रक्तातून आलेल्या जंतूंशी पहिली गाठ इथल्या पेशींची पडते. म्हणजे ही वेशीवरची चौकी. या चौकीतल्या पेशींचा कर्करोग म्हणजे स्प्लेनिक मार्जिनल झोन लिम्फोमा. १९९४च्या वर्गीकरणात त्याला तात्पुरती जागा मिळाली आणि २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत तो स्वतंत्र आजार म्हणून आला. लसिका पेशींच्या सगळ्या कर्करोगांत त्याचं प्रमाण दोन टक्क्यांहूनही कमी आहे. बहुतेक रुग्ण साठीच्या आसपासचे किंवा पुढचे.

म्हणजे मी सैन्यात भरती झालो तेव्हा माझ्या आजाराला नावच नव्हतं.

नावानं काय फरक पडतो, असं कोणी विचारेल. फार पडतो. हेअरी सेल ल्यूकेमियावर १९९० मध्ये क्लॅड्रिबिन हे औषध वापरून पाहिलं गेलं. सात दिवसांच्या एकाच फेरीत बारापैकी अकरा रुग्णांचा आजार पूर्ण दिसेनासा झाला. मग हा हेअरी सेल आहे की त्याचा शेजारी, हे ओळखणं म्हणजे योग्य दारूगोळा योग्य ठाण्यावर पाठवणं.

माझी चाचणी

आठ महिन्यांनी माझी पँट पट्ट्यातून सरकू लागली, तेव्हा बायकोनं दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. सोनोग्राफीत पानथरी १९ सेंटिमीटर निघाली. ती साधारण ११-१२ सेंटिमीटर असायला हवी. हिमोग्लोबिन ११.२. लिम्फोसाइट वाढलेल्या. गळ्यात, काखेत, जांघेत एकही गाठ नाही. इथून आमची रवानगी रक्तविकारतज्ज्ञ बाईंकडे झाली. वयानं माझ्या मुलीएवढ्या, तेलुगू घरातल्या, आणि त्यांचे वडील हवाई दलात होते.

त्यांनी स्वतः काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि मला बोलावलं. "सर, बघा." जांभळ्या रंगाच्या गोल पेशी आणि एका टोकाला दोन-तीन आखूड केस. मी आयुष्यात पहिल्यांदा माझा शत्रू पाहिला. खरं सांगायचं तर तो अगदीच निरुपद्रवी दिसत होता.

मग फ्लो सायटोमेट्री झाली. म्हणजेच खांद्यावरचे बिल्ले वाचणं. पेशींच्या पृष्ठभागावर जी प्रथिनं असतात त्यांना सीडी हे नाव आणि एक क्रमांक असतो. माझ्या पेशींवर सीडी १९ आणि सीडी २० होते. सीडी ५ नव्हता, सीडी १० नव्हता, आणि हेअरी सेलची खूण असलेला सीडी १०३ही नव्हता. कमरेच्या हाडातून अस्थिमज्जेचा नमुना घेतला, त्यातही त्याच पेशी. हिपॅटायटिस बी आणि सी, एचआयव्ही, सगळ्या चाचण्या झाल्या.

पूर्वी या आजाराची खात्री करायला पानथरीच काढावी लागायची. २००८ मध्ये युरोपातल्या तज्ज्ञांनी एकत्र बसून ठरवलं की रक्त, अस्थिमज्जा आणि बिल्ले जुळत असतील तर निदानासाठी शस्त्रक्रियेची गरज नाही. त्यामुळे माझी पानथरी जागेवर राहिली.

चौथी स्टेज

अहवाल हातात आला. त्यात शेवटी एक ओळ होती: ॲन आर्बर, स्टेज चार. बायकोनं ती वाचली आणि अहवाल घडी घालून पर्समध्ये ठेवला. गाडीत ती काहीच बोलली नाही. रात्री मुलीचा बंगळुरूहून फोन आला, तेव्हा ती स्वयंपाकघरात जाऊन हळू आवाजात म्हणाली, "चौथी आहे गं." मी बाहेरून ऐकलं. आपल्या घरात चौथी स्टेज या शब्दाचा एकच अर्थ असतो.

म्हणून हे ॲन आर्बर काय आहे ते सांगतो. अमेरिकेच्या मिशिगन राज्यातलं ते एक गाव. १९७१ मध्ये तिथं तज्ज्ञ जमले आणि हॉजकिनच्या आजाराचे टप्पे ठरवले. ग्रंथींचा एकच भाग बाधित असेल तर पहिला टप्पा. श्वासपटलाच्या एकाच बाजूला दोन किंवा जास्त भाग, तर दुसरा. दोन्ही बाजूंना, तर तिसरा. अस्थिमज्जा किंवा यकृतात पसरला, तर चौथा. ताप, रात्रीचा घाम, सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून जास्त वजन घटणं, यांपैकी काही असेल तर पुढे बी हे अक्षर.

हा नकाशा त्या काळाच्या हत्याराला धरून बनवला होता. हत्यार होतं किरणोत्सर्गाचं. किरण कुठे मारायचे हे ठरवायचं तर आजार नेमका कुठे आहे ते कळायला हवं. त्यासाठी स्टॅनफर्डला आणि इतरत्र पोट उघडून पानथरीसुद्धा काढून तपासत. सीटी स्कॅन आल्यावर ते मागे पडलं. हॉजकिनचा आजार शेजारच्या ग्रंथीतून शेजारच्या ग्रंथीत सरकतो, म्हणून तिथं नकाशा उपयोगी पडला.

पण माझ्या आजाराच्या पेशी रक्तातून फिरणाऱ्या. त्या जवळजवळ प्रत्येक रुग्णाच्या अस्थिमज्जेत पहिल्या दिवसापासून सापडतात. म्हणजे नियमानं जवळजवळ सगळेच चौथ्या टप्प्यात. ज्या मोजपट्टीवर सगळ्यांची उंची एकच येते, ती मोजपट्टी काय कामाची?

२००६ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी ३०९ रुग्णांच्या नोंदी पाहून वेगळा हिशेब मांडला. तीन प्रश्न. हिमोग्लोबिन १२ पेक्षा कमी आहे का? एलडीएच वाढलं आहे का? अल्ब्युमिन ३.५ पेक्षा कमी आहे का? तिन्हींची उत्तरं नाही असतील, तर पाच वर्षांनी या आजारातून वाचलेले शंभरात ८८. एकाचं हो असेल तर ७३. दोन किंवा तीन हो असतील तर ५०.

डॉक्टर बाईंनी हे कागदावर लिहून दाखवलं. माझं एकच उत्तर हो होतं, हिमोग्लोबिनचं. "सर, चौथी स्टेज विसरा. हे तीन आकडे बघा. आणि हेही लक्षात घ्या की यातल्या बऱ्याच रुग्णांना आजची औषधं मिळाली नव्हती." मी तो कागद घरी आणून बायकोसमोर ठेवला. शंभरात ७३. तिनं तो दोनदा वाचला आणि म्हणाली, "मग हे आधी का नाही सांगितलं?" त्या रात्री आम्ही दोघंही जेवलो.

मंडळी, माझ्या आजारपणातली सगळ्यात वाईट रात्र आजारानं दिली नव्हती. चुकीच्या आजाराच्या मोजपट्टीनं दिली होती. हा भाग करण्याचं खरं कारण हेच आहे.

हत्यारांचा इतिहास

पहिलं हत्यार चाकू. १८६७ मध्ये पॅरिसला ज्यूल पेआं यांनी पानथरी काढली आणि रुग्ण जगला. या लिम्फोमावर अनेक दशकं हाच मुख्य उपाय होता. त्यानं पोटातलं ओझं जातं आणि अडकलेल्या रक्तपेशी परत मिळतात. पण वेशीवरची चौकीच काढली तर जंतूंना दार उघडं. १९५२ मध्ये अमेरिकेतल्या किंग आणि शूमाकर यांनी पानथरी काढलेल्या बाळांमध्ये भयंकर संसर्ग होतात हे दाखवलं. मोठ्यांनाही तो धोका आयुष्यभर राहतो. म्हणून शस्त्रक्रियेआधी न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हीमोफिलस यांच्या लसी द्यायच्या असतात.

दुसरं हत्यार युद्धातून आलं. १९४२ मध्ये येल विद्यापीठात गुडमन आणि गिलमन यांनी नायट्रोजन मस्टर्ड, म्हणजे विषारी वायूच्या घराण्यातलं रसायन, लिम्फोमाच्या एका रुग्णाला दिलं. गाठी वितळल्या, मग परत आल्या. युद्धामुळे हे गुप्त होतं आणि १९४६ मध्ये बाहेर आलं. मधल्या काळात, २ डिसेंबर १९४३ रोजी, इटलीतल्या बारी बंदरावर जर्मन विमानांनी हल्ला केला. तिथं जॉन हार्वी या अमेरिकी जहाजात गुपचूप आणलेले मस्टर्ड बॉम्ब होते. जखमींना तपासायला आलेले लष्करी डॉक्टर स्ट्युअर्ट अलेक्झांडर यांच्या लक्षात आलं की या वायूनं पांढऱ्या पेशी नाहीशा होतात. त्या दिवसांत बारीच्या उत्तरेला त्याच किनाऱ्यावर, सांग्रो नदीच्या आघाडीवर, आपली मराठा पलटण लढत होती. माणसं मारायला बनवलेल्या रसायनापासून केमोथेरपीची सुरुवात झाली. गणवेश घातलेल्या माणसाला यावर विचार करायला बरंच काही आहे.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडते. २००२ मध्ये फ्रान्सच्या ऑलिव्हिए एर्मीन आणि सहकाऱ्यांनी या आजाराचे असे नऊ रुग्ण घेतले ज्यांना हिपॅटायटिस सीसुद्धा होता. त्यांना विषाणूवरचं इंटरफेरॉन दिलं. विषाणू गेला आणि सात जणांचा लिम्फोमाही पूर्ण मावळला. विषाणू नसलेल्या सहा रुग्णांना तेच औषध दिलं, एकालाही फायदा नाही. म्हणजे काही रुग्णांत चौकीतल्या पेशी वेड्या होतात, कारण शत्रू वर्षानुवर्षं दारावर थापा मारत असतो. शत्रू हटवला की पेशी शांत होतात. म्हणून या आजारात हिपॅटायटिस सीची चाचणी चुकवायची नाही. माझी चाचणी नकारात्मक आली, तो मार्ग मला नव्हता.

चौथं हत्यार प्रतिपिंडाचं. १९७५ मध्ये केंब्रिजला कोलर आणि मिलस्टाइन यांनी हव्या त्या एकाच लक्ष्याला चिकटणारी प्रतिपिंडं प्रयोगशाळेत बनवण्याची रीत शोधली. त्यांनी तिचं पेटंट घेतलं नाही. १९८४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्या रीतीतून सीडी २० या बिल्ल्याला चिकटणारं रिटक्झिमॅब आलं आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. २००७ मध्ये हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीनं त्याची भारतीय आवृत्ती कमी किमतीत आणली. आणि या लिम्फोमात नुसत्या रिटक्झिमॅबनं, केमोथेरपीशिवाय, पानथरी झपाट्यानं आटते हे अमेरिकेतल्या आणि ग्रीसमधल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं. ग्रीसमधल्या अभ्यासात दहापैकी नऊहून जास्त रुग्णांना त्याचा फायदा झाला.

थांबण्याचा हुकूम

एवढी हत्यारं असताना मला २०१८ मध्ये काय दिलं? काहीच नाही. "सर, आपण थांबायचं. दर तीन महिन्यांनी रक्त, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी."

मी चिडलो. शत्रू दिसतो आहे, तोफा तयार आहेत आणि हुकूम काय, तर गोळी झाडू नका! एका शल्यचिकित्सकांनी तर पुढच्याच आठवड्यात पानथरी काढून देतो म्हणून सांगितलं होतं. मला तेच मर्दासारखं वाटलं. बाईंनी शांतपणे सांगितलं की हा आजार सावकाश चालतो, अनेक जण दहा वर्षं आणि त्याहून जास्त जगतात, आणि लक्षणं नसताना आधी उपचार केल्यानं आयुष्य वाढतं असं दिसलेलं नाही. मग त्यांनी रेषा आखून दिली. हिमोग्लोबिन १० च्या खाली, प्लेटलेट ८०,००० च्या खाली, न्यूट्रोफिल १,००० च्या खाली, किंवा पानथरीचा त्रास असह्य. यातलं काही झालं की हल्ला. आणि पेशी अचानक आक्रमक प्रकारात बदलल्या, म्हणजे ताप, वजन घटणं, एलडीएचची उडी, तर ताबडतोब.

रेषा आखून दिली की सैनिकाला थांबणं जमतं. मी तीन वर्षं थांबलो. त्या तीन वर्षांत मुलीचं लग्न झालं, ही मालिका सुरू झाली.

फेब्रुवारी २०२१ मध्ये हिमोग्लोबिन ९.६ आलं, प्लेटलेट ७६,०००, पानथरी २१ सेंटिमीटर. रेषा ओलांडली. पण तेव्हा करोना होता, आणि रिटक्झिमॅबनंतर काही महिने लस नीट लागू पडत नाही. बाईंनी हिशेब केला. मार्चमध्ये साठीच्या वरच्यांना लस सुरू झाली, मी पहिला डोस घेतला, मग दुसरा, आणि जूनमध्ये उपचार सुरू. आठवड्यातून एकदा, सहा वेळा. पहिल्या दिवशी सलाईन लागल्यावर अर्ध्या तासात अशी हुडहुडी भरली की पलंग वाजत होता. थेंब थांबवले, इंजेक्शन दिलं, तासाभरानं परत हळूहळू सुरू. पुढच्या वेळी काही झालं नाही. सहाव्या आठवड्यानंतर बाईंनी बरगडीखाली बोटं घातली आणि म्हणाल्या, "लांब श्वास घ्या." बोटांना काही लागलं नाही. सोनोग्राफीत १३ सेंटिमीटर.

आज हिमोग्लोबिन १३ च्या वर आहे. आजार मुळातून गेला असं मी म्हणणार नाही, हा आजार सहसा मुळातून जात नाही. तो परत येईल तेव्हा परत बघू. निदानाला पाच वर्षं झाली त्या दिवशी बायकोनं तो जुना कागद पर्समधून काढला. शंभरात ७३ लिहिलेला. मला ठाऊकच नव्हतं की तिनं तो जपून ठेवला आहे.

जाता जाता तीन गोष्टी. वाढलेली पानथरी मलेरियाची म्हणून सोडून देऊ नका. रक्ताची काच बघायला सांगा. अहवालात स्टेजचा आकडा दिसला तर घाबरण्याआधी विचारा, या आजारात या आकड्याचा अर्थ काय? आणि डॉक्टर थांबा म्हणाले तर विचारा, कोणत्या रेषेपर्यंत?

पुढच्या भागात आपण परत सांग्रोच्या काठावर जाऊ. मराठा पलटणीची ती गोष्ट सांगायची राहिली आहे, आणि मी ती सांगायला आहे.

जय हिंद.